निकाल लागल्यापासून शपथेपर्यंत: ग्वाटेमालाची 2023 ची निवडणूक

20 ऑगस्ट 2023 च्या रात्री ग्वाटेमालात निकाल अगदी स्वच्छ लागला होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत बर्नार्दो आरेव्हालो यांना वैध मतांपैकी जवळजवळ 61 टक्के मतं मिळाली, तर सांद्रा तोरेस यांना 39 टक्के. एवढ्या फरकावर शंका घ्यायला जागा नसते. तरीही पुढचे जवळपास पाच महिने आरेव्हालो यांना शपथ घेता येईल की नाही, हे त्या देशात कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. या काळात त्यांच्या पक्षाची नोंदणी गोठवली गेली, मतपेट्या उघडून तपासल्या गेल्या, निवडणूक घेणाऱ्या न्यायाधीशांना देश सोडावा लागला आणि राजधानीतल्या एका सरकारी कचेरीसमोर लोक 106 दिवस ठिय्या देऊन बसले.

या निवडणुकीतला हा मधला काळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मतदान कसं होतं, मोजणी कशी होते, यावर सगळीकडे भरपूर बोललं जातं. लागलेला निकाल टिकवायचा कुणी आणि कशाच्या जोरावर, याची चर्चा मात्र क्वचितच होते. ग्वाटेमालात तो टिकला दोन गोष्टींमुळे: मतदान केंद्रावर साध्या नागरिकांनी हाताने भरलेल्या पत्रकांमुळे आणि मूळ रहिवासी माया समाजाच्या गावपंचायतींमुळे. हे कसं घडलं ते समजण्यासाठी आधी त्या देशाचा थोडा इतिहास आणि तिथले निवडणुकीचे नियम माहीत हवेत.

देश आणि त्याच्या जखमा

ग्वाटेमाला मेक्सिकोच्या दक्षिण सीमेला लागून आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. मध्य अमेरिकेत सर्वांत मोठी. चाळीस टक्क्यांहून अधिक लोक स्वतःला माया म्हणवतात आणि त्यांच्या बावीस भाषा आजही बोलल्या जातात. पण राज्यकारभार, न्यायालय आणि मोठा पैसा हे सगळं स्पॅनिश बोलणाऱ्या शहरी वर्गाकडे एकवटलेलं आहे.

1944 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे लष्करी हुकूमशाहीविरुद्ध उठाव झाला. त्यानंतरच्या निवडणुकीत हुआन होसे आरेव्हालो नावाचे शिक्षणतज्ज्ञ निवडून आले. कामगार संहिता, सामाजिक विमा अशा सुधारणा त्यांच्या काळात झाल्या. त्यांच्यानंतर आलेल्या हाकोबो आर्बेन्स यांनी पडीक जमिनी भूमिहीनांना वाटायला सुरुवात केली आणि त्यात युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी कंपनीची जमीनही गेली. 1954 मध्ये अमेरिकेच्या सीआयएने घडवून आणलेल्या बंडात आर्बेन्स यांची सत्ता गेली. आरेव्हालो परागंदा झाले. त्यांचा मुलगा बर्नार्दो 1958 मध्ये उरुग्वेच्या मोंतेविदेओ शहरात जन्मला. 2023 ची निवडणूक जिंकणारे आरेव्हालो ते हेच.

1954 नंतर लष्कराची पकड बसली आणि 1960 ते 1996 अशी छत्तीस वर्षं यादवी चालली. त्यात दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा कायमची बेपत्ता झाली. बळींमध्ये बहुसंख्य माया होते. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने 93 टक्के अत्याचारांची जबाबदारी लष्कर आणि सरकारच्या बाजूच्या टोळ्यांवर टाकली. आजची लोकशाही व्यवस्था 1985 च्या राज्यघटनेतून आलेली आहे, म्हणजे ती युद्ध चालू असतानाच जन्मली. युद्धकाळात तयार झालेली गुप्तचर, तस्कर आणि कंत्राटदारांची जाळी शांतता करारानंतर विरली नाहीत. ती सरकारी खात्यांत मुरली.

ही जाळी तोडण्यासाठी 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने एक खास तपास आयोग ग्वाटेमालात कामाला लागला. सिसिग हे त्याचं लघुनाव. 2015 मध्ये या आयोगाने स्थानिक सरकारी वकिलांबरोबर सीमाशुल्क खात्यातला मोठा घोटाळा बाहेर काढला आणि धागेदोरे थेट राष्ट्राध्यक्ष ओत्तो पेरेस मोलिना यांच्यापर्यंत गेले. राजधानीच्या मध्यवर्ती चौकात दर शनिवारी माणसं जमू लागली. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांना राजीनामा देऊन तुरुंगात जावं लागलं. याच आंदोलनातून काही प्राध्यापक, अर्थतज्ज्ञ आणि विद्यार्थी एकत्र आले आणि पुढे त्यांनी पक्ष काढला. त्याचं नाव सेमिया, म्हणजे बीज. आरेव्हालो याच पक्षाचे.

मग उलटा फिरलेला काळ आला. पुढे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष जिमी मोरालेस यांच्या घरच्यांपर्यंत तपास पोचला तेव्हा त्यांनी आयोगाची मुदत वाढवलीच नाही आणि 2019 मध्ये आयोगाला गाशा गुंडाळावा लागला. भ्रष्टाचाराचे खटले चालवणारे सरकारी वकील आणि न्यायाधीश यांच्यावरच खटले भरले जाऊ लागले. डझनावारी लोक देश सोडून गेले. ॲटर्नी जनरल कोन्सुएलो पोर्रास यांच्या कचेरीकडे या मोहिमेची सूत्रं होती. 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष आलेहान्द्रो जियामात्तेई यांनी त्यांना दुसऱ्यांदा नेमलं. त्याच वर्षी सरकारवर सतत टीका करणाऱ्या ‘एल पेरिओदिको’ या दैनिकाचे संस्थापक होसे रुबेन सामोरा यांना अटक झाली आणि मे 2023 मध्ये, मतदानाला महिनाच उरला असताना, ते दैनिक बंद पडलं. राजकारणी, उद्योगपती आणि न्यायव्यवस्थेतले काही लोक यांच्या या साट्यालोट्याला तिथली माणसं ‘भ्रष्टांचा करार’ म्हणतात.

एका रविवारी पाच मतपत्रिका

ग्वाटेमालात चार वर्षांतून एकदा, एकाच रविवारी सगळं निवडलं जातं. मतदाराच्या हातात पाच रंगांच्या पाच मतपत्रिका येतात. पांढरी राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्या जोडीसाठी, हिरवी संसदेच्या राष्ट्रीय यादीसाठी, निळसर जिल्ह्याच्या खासदारांसाठी, गुलाबी आपल्या शहराच्या किंवा गावाच्या महापौरासाठी आणि पिवळी मध्य अमेरिकी संसदेसाठी. संसदेत एकच सभागृह आहे आणि त्यात 160 जागा: 128 जिल्हावार, 32 राष्ट्रीय यादीतून. मत पक्षाच्या यादीला पडतं आणि मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात. म्हणूनच तिथे पक्ष उदंड आहेत आणि संसदेत सहसा कुणालाही निर्भेळ बहुमत मिळत नाही.

मध्य अमेरिकी संसदेबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिला कायदे करण्याचा फारसा अधिकार नाही, पण पद सोडलेले राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना तिथे आपोआप जागा मिळते आणि तिच्याबरोबर खटल्यापासून संरक्षणही. भ्रष्टाचाराने पोळलेल्या देशात ही सोय किती घातक आहे, हे तिथला रिक्षावालाही सांगेल.

राष्ट्राध्यक्ष व्हायला वैध मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. पहिल्या फेरीत कुणालाच ती मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. ती 45 ते 60 दिवसांच्या आत, रविवारीच. एकदा राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाला आयुष्यात पुन्हा ते पद मिळत नाही. हुकूमशहांच्या अनुभवातून घटनेत आलेला हा नियम अत्यंत कडक आहे. 2016 च्या दुरुस्तीने आणखी एक हत्यार मतदारांना दिलं: मुद्दाम बाद केलेली मतं निम्म्याहून जास्त भरली, तर निवडणूक पुन्हा घ्यायची. आपल्याकडच्या लोकसभा निवडणुकीत ‘नोटा’ला कितीही मतं पडली तरी निकाल बदलत नाही, तिथे बाद मताला कायद्याने वजन आहे.

आता तीन संस्था लक्षात ठेवायच्या, कारण पुढचा सगळा संघर्ष त्यांच्यात झाला. पहिली, सर्वोच्च निवडणूक न्यायाधिकरण. निवडणूक घेणं, मोजणं आणि निकाल जाहीर करणं हे काम त्यांचं. पाच न्यायाधीश, सहा वर्षांसाठी संसदेने निवडलेले. दुसरी, घटना न्यायालय. घटनेचा अर्थ लावण्यात त्यांचा शब्द अखेरचा. तिसरी, ॲटर्नी जनरलची कचेरी, म्हणजे देशभरातल्या सरकारी वकिलांची यंत्रणा. तपासाचे आणि छाप्यांचे अधिकार तिच्याकडे. कायद्याप्रमाणे निवडणुकीच्या प्रश्नात पहिल्या संस्थेचा निर्णय चालतो. 2023 मध्ये तिसऱ्या संस्थेने फौजदारी कायद्याचा आधार घेऊन पहिलीच्या अंगणात पाय टाकला, आणि दुसरी कधी इकडे तर कधी तिकडे झुकत राहिली.

शर्यतीआधीच बाद

मतदानापूर्वीच तीन दमदार उमेदवार बाजूला काढले गेले. तेल्मा काब्रेरा या माम या माया समाजातल्या शेतकरी नेत्या 2019 मध्ये चौथ्या आल्या होत्या. त्यांच्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी माजी मानवाधिकार लोकपाल होर्दान रोदास उभे होते. सरकारी पद सोडलेल्या माणसाला ‘तुमच्याकडे काही येणं बाकी नाही’ असा दाखला द्यावा लागतो. रोदास यांच्या दाखल्यावर आक्षेप घेऊन अख्खी जोडीच नाकारली गेली. माजी राष्ट्राध्यक्षांचे पुत्र रोबेर्तो आर्सू यांना मुदतीआधी प्रचार केल्याच्या कारणावरून वगळलं. आणि कार्लोस पिनेदा नावाचे व्यावसायिक टिकटॉकवरच्या प्रचाराने मतचाचण्यांत पहिल्या क्रमांकावर पोचताच, त्यांच्या पक्षाच्या सभेतल्या कागदोपत्री त्रुटींवर बोट ठेवून मे महिन्यात त्यांनाही बाद केलं गेलं.

प्रत्येक निर्णयाला कायद्याचं काही ना काही कलम होतं. सगळे एकत्र ठेवून पाहिले की हेतू लपत नाही.

आरेव्हालो यांना कुणी हात लावला नाही, कारण त्यांची कुणाला भीती नव्हती. शेवटच्या मतचाचणीत ते तीन टक्क्यांच्या आसपास, आठव्या क्रमांकावर होते. समाजशास्त्राचे अभ्यासक, पूर्वीचे राजदूत, शांत बोलणारे, 64 वर्षांचे खासदार. त्यांचे तरुण समर्थक मात्र चिकाटीने मोबाइलवर प्रचार करत राहिले आणि पिनेदा गेल्यावर मोकळे झालेले शहरी मतदार शेवटच्या आठवड्यांत त्यांच्याकडे वळले.

25 जूनची रात्र

मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा. सहाला दार बंद झालं की त्याच टेबलावर मोजणी सुरू होते; पेट्या कुठेही हलवल्या जात नाहीत. टेबलावर बसलेली माणसं त्याच वस्तीतली असतात: शिक्षिका, कॉलेजचा विद्यार्थी, दुकानदार. भोवती पक्षांचे पोलिंग एजंट. आधी न वापरलेल्या मतपत्रिका बाद करून बाजूला ठेवायच्या. मग पेटी उघडून एकेक मतपत्रिका उचलायची, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरायची, फुली कुठे आहे ते मोठ्याने सांगायचं आणि त्या त्या पक्षाच्या गठ्ठ्यात ठेवायची. पाच प्रकारच्या मतपत्रिका असल्यामुळे हे काम रात्री उशिरापर्यंत चालतं. आकडे जुळले की पत्रक हाताने भरलं जातं, सगळ्यांच्या सह्या होतात आणि तिथे हजर असलेल्या प्रत्येक पक्षाच्या एजंटाला त्याची प्रत मिळते.

देशभरात अशी 24 हजारांहून अधिक टेबलं होती. मूळ पत्रकांवरून प्राथमिक निकाल संकेतस्थळावर चढत होते आणि पत्रकाची छायाप्रत कुणालाही उघडून पाहता येत होती. मला या व्यवस्थेतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे, की निकाल एका ठिकाणी साठवलेला नाही. एखाद्या टेबलाचा आकडा वर कुणी बदलला, तर त्या रात्री सही केलेली पाच-दहा माणसं आपापल्या घरच्या प्रती घेऊन पुढे येऊ शकतात.

त्या रात्री बाद मतांनी सगळ्या उमेदवारांना मागे टाकलं: एकूण मतांपैकी 17 टक्क्यांहून अधिक. निवडणूक पुन्हा घ्यायला लागणाऱ्या आकड्यापासून ती फार दूर होती, पण राग स्पष्ट दिसत होता. तोरेस जवळपास 16 टक्क्यांवर पहिल्या आल्या, आणि 12 टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर आरेव्हालो दुसरे. सत्ताधारी पक्षाचे मानुएल कोंदे दोन लाखांहून जास्त मतांनी मागे राहिले. युरोपीय संघाच्या आणि अमेरिकी देशांच्या संघटनेच्या निरीक्षकांनी मतदान व मोजणी व्यवस्थित झाल्याचं नोंदवलं.

पाचच दिवसांत चक्रं उलटी फिरू लागली. सत्ताधारी पक्षासह अनेक पक्षांनी पत्रकांत फेरफार असल्याची तक्रार केली आणि 1 जुलैला घटना न्यायालयाने निकाल अधिकृत करण्याला स्थगिती देऊन पत्रकं पुन्हा पडताळायला सांगितलं. इथे त्या कागदांनी आपलं काम केलं. जिल्ह्याजिल्ह्यांत पक्षांना आपापल्या प्रती घेऊन बोलावलं, मूळ पत्रकांशी त्या लावून पाहिल्या. बदल झाला तो नगण्य. पहिले दोघे होते तेच राहिले.

12 जुलैची संध्याकाळ तर तिथल्या लोकांच्या कायमची लक्षात राहील. निवडणूक न्यायाधिकरण दुसऱ्या फेरीचे दोघे उमेदवार अधिकृतपणे जाहीर करणार, तोच बातमी आली: सरकारी वकील राफाएल कुर्रुचिचे यांच्या अर्जावरून न्यायाधीश फ्रेदी ओरेयाना यांनी सेमिया पक्षाची नोंदणीच निलंबित केली. आरोप असा, की पक्षाची नोंदणी करताना जमवलेल्या सह्यांपैकी पाच हजारांहून अधिक खोट्या होत्या आणि काही तर मृत माणसांच्या. सह्यांची चौकशी करायला कुणाचीच हरकत असू नये. खोट्या सह्या हा गुन्हा आहेच. पण निवडणूक जाहीर झाल्यापासून ती पार पडेपर्यंत कोणत्याही पक्षाला निलंबित करता येणार नाही, असं तिथला निवडणूक कायदा सरळ शब्दांत सांगतो. आणि काही वर्षांपूर्वीच्या सह्यांचा मुद्दा या पक्षाने दुसरा क्रमांक मिळवल्यानंतरच का आठवला, याचं समाधानकारक उत्तर सरकारी वकिलांनी कधीच दिलं नाही. न्यायाधिकरणाने त्या आदेशाला न जुमानता निकाल जाहीर केला. दुसऱ्या दिवशी घटना न्यायालयानेही सेमियाला तात्पुरतं संरक्षण दिलं.

दुसऱ्या फेरीतल्या प्रतिस्पर्धी सांद्रा तोरेस या माजी राष्ट्राध्यक्ष आल्वारो कोलोम यांच्या पूर्वाश्रमीच्या पत्नी. ग्रामीण भागात त्यांच्या पक्षाची मजबूत बांधणी आहे, पण शहरांत त्यांच्याविषयी तीव्र नाराजी. 2015 आणि 2019 मध्ये त्या दुसऱ्या फेरीत हरल्या होत्या. 2023 मध्ये तिसऱ्यांदा हरल्या. पक्षावर झालेल्या कारवाईमुळे आरेव्हालो घराघरांत पोचले, हे या कारवाईच्या कर्त्यांना आधी सुचायला हवं होतं.

पेट्या, छापे आणि काठ्या

ग्वाटेमालात राष्ट्राध्यक्ष 14 जानेवारीला पदावर येतात. म्हणजे ऑगस्टमध्ये जिंकलेल्या माणसाला जवळजवळ पाच महिने वाट पाहायची आणि तोवर सत्ता जुन्यांच्याच हातात. माझ्या मते ही त्या व्यवस्थेतली मोठी फट आहे, आणि 2023 मध्ये ती पुरेपूर वापरली गेली.

12 सप्टेंबरला सरकारी वकिलांनी सीलबंद मतपेट्या उघडल्या. त्या देशाच्या लोकशाहीच्या काळात असं कधी झालं नव्हतं. मग 29 आणि 30 सप्टेंबरला न्यायाधिकरणाच्या कचेरीवर छापा पडला, आणि या वेळी त्यांना हवी होती ती थेट मूळ पत्रकं. कॅमेऱ्यांसमोर न्यायाधीशांनी पत्रकांच्या खोक्यांना मिठी मारली आणि पोलीस ती ओढत होते. ज्या कागदांवर देशभरातल्या साध्या माणसांच्या सह्या होत्या, ते असे फरफटत जाताना लोकांनी घरोघरी पाहिले. शेवटी खोकी गेलीच.

दोन दिवसांनी, 2 ऑक्टोबरला, रस्ते बंद झाले. हाक दिली होती तोतोनिकापानच्या ‘48 कान्तोनेस’नी आणि सोलोलासह इतर भागांतल्या माया गावपंचायतींनी. कान्तोन म्हणजे साधारण वाडी किंवा वस्ती. तोतोनिकापानच्या डोंगराळ भागातल्या 48 वस्त्यांचा हा संघ पाणी, जंगल, रस्ते आणि आपसातली भांडणं यांचा कारभार पाहतो. दरवर्षी नव्या माणसांची निवड होते. वर्षभर बिनपगारी सेवा करायची, स्वतःचा धंदा-शेती बाजूला ठेवून. पदाची खूण म्हणून हातात लाकडी काठी असते. निर्णय सभेत होतो आणि एकदा झाला की प्रत्येक वस्तीने माणसं पाठवायची, ती आळीपाळीने बदलायची, जेवणाची सोय करायची. कोणत्याही पक्षाकडे नसेल अशी ही बांधणी आहे.

राजधानीतल्या खेरोना भागात ॲटर्नी जनरलच्या मुख्य कचेरीसमोर तंबू पडले. मागणी नेमकी होती: पोर्रास, कुर्रुचिचे आणि ओरेयाना यांनी राजीनामे द्यावेत, मताचा मान राखला जावा. या पंचायतींनी आवर्जून सांगितलं, की आम्ही सेमियाचे कार्यकर्ते नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी पहिल्या फेरीत दुसऱ्याच कुणाला मत दिलं होतं. या भूमिकेमुळेच आंदोलनाला धार आली, असं मला वाटतं. ज्यांना शतकानुशतकं राज्याबाहेर ठेवलं, ज्यांची गावं यादवीत जाळली गेली, त्याच लोकांनी राज्याची घटना वाचवायला पुढाकार घेतला होता. राजधानीच्या बाजारातले विक्रेते, विद्यार्थी, शहरी वस्त्यांतली कुटुंबं मागोमाग आली. देशभरात शंभराहून अधिक ठिकाणी रस्ते अडवले गेले. भाजी, गॅस आणि पेट्रोलची टंचाई झाली. याचा त्रास गरिबांनाही झालाच. 16 ऑक्टोबरला मालाकातान इथे आंदोलकांवर गोळीबार झाला आणि एकाचा जीव गेला. पुढे रस्ते मोकळे करण्यात आले, तंबू मात्र हलले नाहीत.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कागदी लढाई आणखी तापली. 2 नोव्हेंबरला, निवडणूक प्रक्रिया अधिकृतपणे संपल्यानंतर लगेच, सेमियाचं निलंबन लागू झालं. 30 नोव्हेंबरला संसदेने निवडणूक न्यायाधिकरणाच्या चार न्यायाधीशांचं खटल्यापासूनचं संरक्षण काढून घेतलं. निकालाच्या संगणकीय प्रणालीच्या खरेदीत गैरव्यवहार झाल्याचा ठपका होता. ते देशाबाहेर निघून गेले. 8 डिसेंबरला सरकारी वकिलांनी पत्रकार परिषद घेऊन निवडणूकच रद्दबातल आहे असं सांगितलं. त्यावर अमेरिकेने शंभरहून अधिक खासदारांसह जवळपास 300 ग्वाटेमालन व्यक्तींच्या व्हिसावर निर्बंध आणले. 14 डिसेंबरला घटना न्यायालयाने अखेर ठाम आदेश दिला: निवडून आलेल्या सर्वांनी 14 जानेवारीला पदभार घ्यायचाच.

न्यायालय वळलं ते बाहेरच्या दबावामुळे, की रस्त्यावरच्या माणसांमुळे? मला रस्त्याचं पारडं जड वाटतं. बाहेरच्या देशांनी याआधीही याच मंडळींवर निर्बंध लावले होते आणि त्यांना फारसा फरक पडला नव्हता.

एक लांबलेला दिवस

14 जानेवारी 2024 ला दुपारी शपथविधी ठरला होता. स्पेनचे राजे, शेजारचे राष्ट्राध्यक्ष, परदेशी मंत्री राजधानीत येऊन बसले होते. मावळती संसद नव्या खासदारांची कागदपत्रं तपासत तासन् तास काढत होती. पक्ष निलंबित असल्यामुळे सेमियाच्या 23 जणांना ‘अपक्ष’ ठरवण्यात आलं. संध्याकाळ झाली, रात्र झाली. बाहेर काठ्या घेतलेले पंचायतींचे लोक आणि हजारो नागरिक जमले होते. काही जण अडथळे ढकलून संसदेकडे निघाले. परदेशी प्रतिनिधींनी एकत्र निवेदन काढून सत्तांतर पूर्ण करायला सांगितलं. मध्यरात्र उलटल्यावर मिगेल आंखेल आस्तुरियास नाट्यगृहात आरेव्हालो आणि उपराष्ट्राध्यक्ष कारिन एरेरा यांनी शपथ घेतली. त्याच पहाटे आरेव्हालो खेरोनातल्या तंबूंपाशी गेले आणि तिथल्या लोकांचे आभार मानले.

सत्ता हातात आली, पण ती अर्धीच. 160 पैकी 23 जागांच्या बळावर कायदे करता येत नाहीत; प्रत्येक विधेयकासाठी इतर गटांची मनधरणी करावी लागते. पोर्रास यांना पदावरून काढणंही राष्ट्राध्यक्षांच्या हातात नव्हतं. 2016 च्या एका कायद्याप्रमाणे ॲटर्नी जनरलला फौजदारी गुन्ह्यात अंतिम शिक्षा झाल्याशिवाय हटवता येत नाही. पूर्वी राष्ट्राध्यक्षांनी मनमानी करू नये म्हणून हे कवच दिलं होतं. पोर्रास यांची मुदत मे 2026 पर्यंतची. त्यानंतरची नेमणूक निवड समितीने दिलेल्या सहा नावांतूनच राष्ट्राध्यक्षांनी करायची असते. त्यामुळे आंदोलकांची पहिली मागणी, त्या तिघांचे राजीनामे, शपथविधीनंतरही पूर्ण झाली नाही.

त्याची किंमत पुढे कुणी मोजली तेही सांगायला हवं. 2023 मध्ये 48 कान्तोनेसचे अध्यक्ष होते लुईस पाचेको. नंतर ते आरेव्हालो यांच्या सरकारात ऊर्जा खात्याचे उपमंत्री झाले. 23 एप्रिल 2025 रोजी त्यांना आणि त्याच पंचायतीतले त्यांचे सहकारी एक्तोर चाक्लान यांना ॲटर्नी जनरलच्या कचेरीने अटक केली. आरोपांमध्ये दहशतवाद होता, आणि पुरावा म्हणून पुढे केलं गेलं ते 2023 चं रस्ता रोको.